आबांच्या जागी नऊ नावं

2025 च्या एप्रिलमध्ये आमच्याकडं ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचं, म्हणजे सातबाऱ्यावर मयतांच्या जागी वारसांची नावं लावायच्या मोहिमेचं, चावडी वाचन झालं. भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, मयत खातेदारांची यादी वाचली आणि त्यात आबांचं नाव आलं. माझे आजोबा जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी ते नाव त्या यादीत ऐकताना अंगावर काटा आला. त्याच संध्याकाळी वडील म्हणाले, “उद्यापास्नं तू हे काम हातात घे.”

वारस नोंदीला लागतं ते आधी सांगतो. मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते, फोन आणि आधारच्या प्रती, त्यांचं मयताशी नातं लिहिलेलं स्वयंघोषणापत्र, आणि सरपंच किंवा पोलीस पाटलांचा दाखला. आमची जमीन धरणग्रस्तांना मिळालेली, भोगवटादार वर्ग 2 ची. ती विकायला परवानगी लागते, वारस लावायला लागत नाही. मला वाटलं, महिनाभरात उरकेल.

पण नावच जुळेना. दाखल्यावर आबांच्या नावापुढं ‘बा’ होतं, सातबाऱ्यावर नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, “हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार, म्हणजे नाव लागल्याची नोंद, आणा, त्यात काय आहे बघू.”

तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज दिला. पहिल्या खेपेला कपाटाची किल्ली नव्हती, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला नक्कल हातात पडली. शाईचं वळणदार अक्षर, आबांच्या नावापुढं ‘बा’ होतंच, आणि त्यापुढं तीन अक्षरं – ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. संगणकीकरणात ‘बा’ गळाला होता आणि त्याबरोबर हीसुद्धा गळाली होती.

याचा अर्थ मला घरी आल्यावर कळला. आबा कोयना खोऱ्यातले. गाव शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली, गेलं तेव्हा ते विशीतले, वडील आधीच वारलेले, पाठचा भाऊ नऊ वर्षांचा. सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली ती थोरला म्हणून आबांच्या नावावर, पण होती दोघांची. धाकटे आबा पुढं मुंबईला गिरणीत लागले, तिथंच गेले. त्यांची मुलं मुंबईतच आहेत. उताऱ्यावर त्यांचा कुठंच पत्ता नव्हता.

गावात लोकांनी सल्ले दिले. साठ वर्षं कुणी विचारलं नाही, तू कशाला उकरतोस? दोन्ही आत्यांचं हक्कसोडपत्र, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद, करून घे आणि मोकळा हो. सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती, गावात असंच चालतं. मलाही दोन दिवस तेच सोपं वाटलं, हे मी लपवत नाही.

मग वडिलांनी आबांची पेटी उघडली. फडक्यात बांधलेल्या वह्या होत्या. दरवर्षी माघात एक ओळ: ‘मुंबईस शाळू 2 पोती, हुलगे 1 डबा, एसटीने.’ दुष्काळाच्या 1972 सालापुढं लिहिलं होतं, ‘1 पोतं. बाकी पुढल्या साली.’ आणि पुढल्या साली खरोखर तीन पोती. वडील कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले. “ही पोती आबांनी दिलेली नाहीत,” ते म्हणाले, “ती त्यांचीच होती.” त्यानंतर हक्कसोडीचा विषय घरात निघाला नाही.

वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस बघितलेला हा माणूस पाचशे-साडेपाचशेच्या मुलखात आला होता. भात, नाचणी, वरी एवढंच ठाऊक. काळ्या रानात पावसाळाभर ओल धरायची आणि हस्ताच्या आसपास शाळू पेरायचा, हे त्यांना शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या धनगरानं शिकवलं. त्या घरी दर संक्रांतीला आमच्याकडून हुरडा जायचा, अजून जातो.

संगणकातली चूक दुरुस्त करायला तहसीलदारांकडं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करावा लागतो. तो केला. हस्तलिखिताच्या नकला जोडल्या. मुंबईच्या काकांना फोन केला तेव्हा पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. जबाबाच्या दिवशी ते दोघं भाऊ आणि त्यांची बहीण रात्रीच्या गाडीनं आली.

मोठ्या आत्या कचेरीच्या बाकावर सांगत होत्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. खोऱ्यात मागं राहिलेल्या भाऊबंदांची घरं पडली. आबा आणि वस्तीतले दोघं पीठ नि घोंगड्या घेऊन निघाले. परत येताना मामेबहिणीची दोन लेकरं बरोबर. दोन वर्षं ती आमच्याच घरी शाळेला होती. मुंबईच्या काकांना हे ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

दुरुस्तीचा आदेश व्हायला पावसाळा गेला. मग सगळ्यांच्या संमतीनं फेरफार धरला, कलम 150 ची नोटीस चावडीवर लागली, 15 दिवसांत कुणाची हरकत आली नाही, आणि दिवाळीनंतर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. आता उताऱ्यावर नऊ नावं आहेत: वडील, दोन आत्या, वारलेल्या चुलत्यांच्या मागं काकू आणि त्यांची दोन मुलं, आणि मुंबईची तिघं. ज्यांचं कुणाचं असं काम असेल त्यांना एकच सांगेन, फेरफार धरण्याआधी हस्तलिखित उताऱ्याची नक्कल काढून बघा.

विहिरीचं राहिलंय. आमच्या गटातली ती विहीर वस्तीतल्या बावीस घरांनी श्रमदानानं खोदली. आबांनी जागा दिली, पण कागद केला नाही. आज बावीस घरं तिचंच पाणी पितात आणि सातबाऱ्यावर ती आमच्या एकट्याची आहे. वारस नोंदीच्या संमतीवर नवव्या माणसाची सही झाली त्याच दिवशी आम्ही सगळे विहिरीवर गेलो. ती सामाईक म्हणून लावायचा अर्ज मी लिहून ठेवलाय, त्यावर नऊ सह्यांपैकी सात झाल्यात.