चित्रकाच्या कळ्या कुरतडलेल्या दिसल्या

आज सकाळी पाणी घालताना बघितलं तर चित्रकाच्या तुऱ्यातल्या कळ्यांना बारीक भोकं पडलीयेत, आणि नीट शोधलं तेव्हा कळीला चिकटून बसलेली चपटी हिरवट अळी सापडली, रंग इतका मिळताजुळता की हललीच नसती तर कळलंही नसतं. झेब्रा ब्लू फुलपाखराची अळी! किती वाट बघत होते हिची.

आई म्हणाली, "अगं फुलं खाऊन टाकेल सगळी, काढ ती." म्हटलं आई, तिच्यासाठीच तर लावलंय ना. मध प्यायला फुलपाखरं बऱ्याच प्रकारच्या फुलांवर येतात, पण अंडी घालायला त्यांना ठरावीकच झाडं लागतात आणि झेब्रा ब्लूला चित्रक चालतो. अळी कळ्या आणि फुलंच खाते, मग भोकं पडणारच. माझ्या मते ज्या बागेत काहीच खाल्लं जात नाही तिथे फुलपाखरं फक्त पाहुणी म्हणून येतात.

नर्सरीत प्लंबॅगो (चित्रकाच्या कुळाचं शास्त्रीय नाव) मागितलं की बहुतेक निळ्या फुलांचंच पुढे करतात, ते मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. त्यावरही झेब्रा ब्लू अंडी घालते, नाही असं नाही, पण आपला पांढरा चित्रक इथल्या रानातला आहे, अर्ध्या सावलीत मस्त वाढतो, आणि एकदा रुजला की वर्षानुवर्षं राहतो. पावसाळा सरता सरता तुरे यायला लागतात. फुलाची नळी लांब आणि अगदी बारीक, तळाशी मध, त्यामुळे फुलपाखराची सोंडच तिथवर पोचते. फुलाखालच्या हिरव्या भागावर चिकट केस असतात, बोट लावलं की चिकटतं, बारीक चिलटं अडकलेली दिसतात, आणि पुढे फळं धरली की तीच कपड्यांना चिकटून बी दुसरीकडे नेतात.

मुळांना मात्र जपून. आयुर्वेदात औषध म्हणून वापरतात ते खरं (चित्रकादि वटी घरोघरी असते) पण ताज्या मुळाचा रस लागला तर कातडीवर फोड येतात, म्हणून कुंडी बदलताना हातमोजे घालायचेच आणि लहान मुलं जवळ नकोत.

शेजारच्या काकूंना काडी हवीये. फुलोरा संपून छाटणी केली की देईन, आत्ता शेंड्यांना हात लावणार नाही कारण अजून अंडी असतील. त्यांना एवढंच सांगितलंय की मावा दिसला तरी औषध मारू नका, पाण्याचा जोरात फवारा मारला की पुरे.