काकांच्या स्टेटमेंटमधली चौदा शून्यं

परवा आमचे शेजारचे काका सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी पेन्शन योजनेचं, स्टेटमेंट घेऊन आले. एका देशाच्या इथल्या, वॉशिंग्टनमधल्या दूतावासात त्यांनी चौदा वर्षं स्थानिक कर्मचारी म्हणून नोकरी केली, ग्रीन कार्डवर. पासष्टी आता तीन महिन्यांवर आलीय. कागदावर एका बाजूला वर्ष, समोर त्या वर्षीची कमाई. सुरुवातीला दुकानातल्या नोकरीची तीन वर्षं, आणि मग खालपर्यंत शून्यच शून्य. "अगं, पगार दर महिन्याला बँकेत यायचा, इन्कम टॅक्सही भरलाय," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३३ नुसार परदेशी राजदूत आणि त्यांचे अधिकारी यजमान देशाच्या सामाजिक सुरक्षेतून वगळलेले असतात. वर्गणी नाही, म्हणून लाभही नाही. मला हे योग्यच वाटतं. आपल्या परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्याचं निवृत्तिवेतन दिल्ली बघते, परदेशातल्या दवाखान्याचा खर्च 'असिस्टेड मेडिकल अटेंडन्स' योजनेतून निघतो, परतल्यावर सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, असतेच.

पण काकांच्या मागे असा कोणता देश होता? अमेरिकन कायद्याने परदेशी सरकारची नोकरी सोशल सिक्युरिटीच्या बाहेर ठेवलीय. त्या नोकरीत अमेरिकन नागरिक असेल, तर त्याला स्वयंरोजगारी धरतात आणि तो १५.३ टक्के वर्गणी स्वतः भरतो. त्याला ते जड जातं, पण निदान त्याची वर्षं मोजली जातात. ग्रीन कार्डवाल्याला ती वाटही बंद. आपली आयटीतली मुलं उलट तक्रार करतात, की पगारातून पैसे कापले जातात आणि भारत-अमेरिका सामाजिक सुरक्षा करार नसल्यामुळे दहा वर्षांच्या आत परतलं की ते बुडतात. काकांचं कधी काही कापलंच गेलं नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मेडिकेअरचा, म्हणजे पासष्टीपासूनच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हॉस्पिटलचा भाग फुकट मिळायला वर्गणी भरलेल्या कमाईवर मिळणारी ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार. काकांची बारा. विकत घ्यायचा तर २०२५ च्या दराने महिन्याला ५१८ डॉलर, डॉक्टरांच्या भागाचे १८५ वेगळे. तुमच्यापैकी कुणाला इथे अशी नोकरी चालून आली, तर पगाराआधी विचारा: म्हातारपणाची आणि आजारपणाची सोय कोण करणार? आणि उत्तर लेखी घ्या.

मग मी काकूंचं स्टेटमेंट मागितलं. त्या त्रेसष्ट वर्षांच्या, डे-केअरमध्ये बारा वर्षं नोकरी केलेल्या. नवरा-बायकोपैकी एकाची क्रेडिट पूर्ण असली आणि त्याचं वय किमान बासष्ट असलं, की दुसऱ्यालाही पासष्टीला हॉस्पिटलचा भाग फुकट मिळतो. काकूंच्या बारा ओळींत एकही शून्य नव्हतं. काका लगेच उठले, लग्नाचा दाखला शोधायला.