अहो, पण तुम्ही शिकवता कधी?

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. विचारणारं माणूस बदलतं, शब्द तेच. जिन्यात खालच्या काकू भेटतात. सकाळचे अकरा वाजलेले असतात, धाकटा कठड्यावरून घसरत खाली येत असतो, थोरली गच्चीत मांजराशी काहीतरी वाटाघाटी करत असते. काकू आधी त्या दोघांकडे बघतात, मग माझ्या हातातल्या दळणाच्या डब्याकडे. "शाळेत घालत नाहीस ते एक असो. पण मग तू शिकवतेस तरी कधी?"

आजवर "जमतं हो, थोडं थोडं" असं म्हणून वेळ मारून नेली. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

आम्ही नाशिकला राहतो. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात, शिफ्टची नोकरी. सासूबाई आमच्याजवळच असतात. मी घरून पाच-सहा दुकानांचे हिशेब बघते आणि त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. त्यामुळे महिन्याची ११ आणि २० या तारखा आमच्या घरात ग्रहणासारख्या पाळल्या जातात. त्या दिवशी स्वयंपाक म्हणजे खिचडी, आणि माझ्याशी बोलायचं ते फक्त रक्त येत असेल तर.

आता उत्तर. पुस्तक उघडून, टेबलाशी बसून मी थोरलीला रोज दीड तास शिकवते. धाकट्याला चाळीस मिनिटं. तेही आठवड्यातले पाच दिवस धरून चालले तर. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांना वाटलेलं असतं की आमच्याकडे फळा असेल, घंटा असेल, निदान वेळापत्रक तरी. वेळापत्रक होतं. फ्रिजवर लावलं होतं, रंगीत खडूंनी. तीन आठवड्यांनी त्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहिला गेला.

एका लग्नात मामेसासूबाईंनी हा प्रश्न फारच खोचकपणे विचारला, तेव्हा मी चिडून आठवडाभर डायरी ठेवली होती. त्यातला मंगळवार जसाच्या तसा देते:

"९.१० अपूर्णांक. छेद सारखे करणे. ९.१४ गॅसवाला. ९.२० अपूर्णांक. ९.२३ धाकट्याचा दात हलतोय, बघ. बघितला. ९.२५ अपूर्णांक. ९.३१ बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन, बिल सापडत नाही. ९.४४ बिल सापडलं, थोरली सापडेना. ९.५० थोरली सापडली, वाचत बसली होती, म्हणून तशीच राहू दिली. १०.०५ दात पुन्हा. १०.०६ आईंची बीपीची गोळी. १०.१० अपूर्णांक झाले."

मामेसासूबाईंना दाखवायची म्हणून लिहिलेली ती डायरी मी अर्थातच कुणाला दाखवली नाही. पण मला त्यातून एक कळलं. मला दमवणारं काम अपूर्णांकांचं नाही. शिकवणं हा दिवसातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अवघड हे आहे की आमचं घर कधी रिकामंच होत नाही. तुमच्याकडे सकाळी सात-साडेसातला रिक्षा किंवा व्हॅन येते, दार लागतं आणि निदान पाच-सहा तास घर मोकळा श्वास घेतं. आमच्याकडे ते दार लागतच नाही. पसारा आवरला की तो परत करायला माणसं हजर असतात. दुपारचं खाणं चारदा होतं. मी न्हाणीघरात गेले की बाहेरून हमखास विचारणा होते, "आई, गेंड्याचं शिंग केसांचं असतं का?" ज्या पदार्थापासून केस आणि नखं बनतात त्याचंच ते असतं, असं उत्तर मी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत दिलेलं आहे.

हे घरून शिकणं सुरू कसं झालं, हा खरं तर वेगळा प्रश्न, पण थोडक्यात सांगते. थोरली दुसरीत गेली आणि त्या जूनमध्ये, २०२० साली, शाळा मोबाइलवर भरायला लागली. मी तिच्या शेजारी बसायचे. त्याच्या आदल्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचण्याची नवी पद्धत आली होती, 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', आणि त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. सासूबाई तर मराठीचा खून झाल्यासारख्या हळहळल्या होत्या. मीही त्यावरचे विनोद चार ग्रुपवर पुढे ढकलले होते. मग एक दिवस मी म्हटलं "त्रेचाळीस", आणि माझ्या डोळ्यांदेखत पोरीनं लिहिलं ३४. पुन्हा म्हटलं, पुन्हा ३४. तिचं चुकत नव्हतं हो. आपण आधी 'त्रे' म्हणतो आणि मग 'चाळीस'. तिनं जे आधी ऐकलं ते आधी लिहिलं. आयुष्यभर मराठीत आकडे मोजूनही आपण ते उलटे बोलतो हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यावर एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद ही सगळी एकोणाची भावंडं, आणि शंभराच्या उंबऱ्यावर मात्र एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव! त्या पुस्तकवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. (सासूबाईंनी अजून मागितलेली नाही. धाकट्याला आकडे त्यांनीच शिकवले, जुन्या पद्धतीनं, कुरडया मोजून.) शाळा उघडल्या तेव्हा आम्ही एक वर्ष थांबून बघू म्हटलं. ते वर्ष अजून चाललंय.

कायद्याचंही लोक विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवण्याचा शब्दही नाही. म्हणजे आम्ही कुंपणावर बसलेलो आहोत, आणि ते मला माहीत आहे. पुढची वाट त्या मानानं सरळ आहे. चौदा पूर्ण झाली की एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून दहावीला बसता येतं. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहेच. थोरलीला दोन्ही सांगून ठेवलंय. तिला सध्या दोन्हीत रस नाही.

छळ होतो तो कायद्याचा नाही, रकान्यांचा. मागे तिला एका बुद्धिबळ स्पर्धेत भाग घ्यायचा होता. फॉर्मवर 'शाळेचे नाव'. तिनं सुवाच्य अक्षरात 'घर' लिहिलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, बोनाफाईड आणा. मी जन्माचा दाखला पुढे केला, आधार कार्ड पुढे केलं. वय तर कळतंय ना, म्हटलं. ते म्हणाले, वय कळतंय हो मॅडम, पण मुलगी कुठली ते कळत नाही. थोरली परतीच्या वाटेवर अजिबात बोलली नाही. घरी आल्यावर सासूबाईंशी सागरगोटे खेळत बसली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपल्या हौसेची किंमत ही पोर देतेय का? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आता चांगला दिवस कसा असतो तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई रडतच बसली. गेल्या पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. नाशिककराला पूर किती हे आकड्यांत कळत नाही, ते गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कळतं. गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. पण बातमीत मात्र 'पाच हजार क्युसेक' असं सांगत होते. धाकटा म्हणाला, क्युसेक म्हणजे काय? मी म्हटलं, सेकंदाला एक घनफूट पाणी. ते त्याला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं चित्र डोळ्यापुढे येईना. मग आम्ही मोरीत गेलो. पंधरा लिटरची बादली, नळ पूर्ण सोडलेला, थोरलीच्या हातात मोबाइलचं घड्याळ. पंचाहत्तर सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला पाव लिटरही नाही, ०.२ लिटर. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. थोरलीनं भागाकार केला: आमच्यासारखे एकशे एक्केचाळीस नळ एकदम सोडले की एक क्युसेक. मग पाच हजारांनी गुणलं. सात लाखांवर नळ. धाकटा मोरीच्या उंबऱ्यावर बसून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि मारुती नुसता उभा राहतो?"

तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. खाली काकू भेटल्या, विचारलं आज काय शिकवलंस. मी म्हटलं, बादली भरली.

पण असे दिवस महिन्यातून एखादाच, हेही लिहून ठेवते. घरी शिकणारी मुलं म्हणजे रोज नवा शोध, असं जे चित्र काही आयाबाया रंगवतात ते वाचलं की मला अपराधी वाटतं आणि मग राग येतो. उरलेले एकोणतीस दिवस म्हणजे पाढे, शुद्धलेखन आणि "दहा वेळा सांगितलं ना" आहे. शिवाय मला सगळं येत नाही. भूमितीत मी कच्ची होते, अजून आहे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गणिताचे सर राहतात, ते आठवड्यातून दोनदा थोरलीला भूमिती शिकवतात आणि मी त्यांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरते. फिट्टंफाट. वाचायला दोघांना सावानात सोडते. आमचं हे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, तिथं दोघंही गप्प बसतात. घरात ते मला कधी साधलेलं नाही.

पहाटे उठून बघ, असा सल्ला भरपूर मिळतो. पंडिता रमाबाईंना त्यांच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत स्वतः शिकवलं. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून लेकीला पहाटे झोपेतून उठवून. हे वाचल्यावर मीही गजर लावला पाच वाजताचा. चार दिवस. पाचव्या दिवशी धाकटा आपणहून उठला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला, आणि मीही भिंतीला टेकून झोपले. सासूबाईंनी अंगावर चादर टाकली आणि गजर बंद केला. तो परत लावलेला नाही.

मग माझा असा वेळ कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. बुधवारी. सासूबाई दोघांना घेऊन गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजाराला जातात. पिशव्या मुलांच्या हातात, पैसे थोरलीकडे, घासाघीस सासूबाईंची. चार ते सहा. ते दोन तास मी दार लावून घेते आणि काहीही करत नाही. पहिली पंधरा मिनिटं तर कानात नुसता पंखा ऐकू येतो.

या महिन्यात मात्र ११ तारीखच बुधवारी आली. ते दोन तास बेदाणेवाल्याच्या बिलांत गेले. पुढचा बुधवार अठराला आहे, वीसच्या दोन दिवस आधी. बिलं त्यानं आजच पाठवतो म्हटलंय.