तुम्ही विचारलंत म्हणून: खराब भाग काढून टाकला, मग पुन्हा तपासणी कशासाठी?

"मॅडम, गर्भपिशवीच्या तोंडावरचा खराब भाग तुम्ही काढलात, रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं, मग आता पुन्हा पुन्हा यायचं कशासाठी?" उपचारानंतर सहा महिन्यांनी जिला बोलावलेले असते, ती समोर बसताच बहुधा हाच प्रश्न विचारते, आणि जी येतच नाही, तिच्याही मनात तो असणार असे मला वाटते. पुण्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलींकडून ऐकला आहे आणि वेल्ह्याहून एसटीने आलेल्या आजींकडूनही. बाहेर रुग्ण ताटकळत असताना त्याचे उत्तर दोन-तीन वाक्यांत उरकले जाते आणि तेवढे पुरत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी नेमके काय काढले जाते ते पाहू. गर्भाशयमुखाचे बाहेरचे जाड आवरण आणि आतल्या नळीचे नाजूक आवरण जिथे एकमेकांना भेटतात, त्या पट्ट्यातल्या पेशी वयाबरोबर सतत बदलत असतात, आणि एचपीव्ही हा विषाणू नेमका तिथेच घर करतो. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यापैकी काहींच्या पेशींमध्ये कर्करोगाच्या आधीचे बदल दिसू लागतात. रिपोर्टवर त्यांना सीआयएन १, २ किंवा ३ असे लिहिलेले असते. पहिल्या पायरीचा बदल बहुधा स्वतःहून ओसरतो, तिसऱ्या पायरीवर उपचार करावेच लागतात, आणि मधल्या पायरीवर वय, मूल होण्याची इच्छा आणि तपासणीतले एकूण चित्र पाहून ठरवावे लागते. हा उपचार म्हणजे एक तर विजेच्या तारेच्या वेटोळ्याने तो पट्टा कापून काढणे, ज्याला आम्ही 'लीप' म्हणतो, किंवा उष्णतेने अथवा अतिथंड वायूने तो जागीच नष्ट करणे. यातला प्रत्येक उपचार बदललेल्या पेशींवर आहे. विषाणूला मारणारे औषध आज आपल्याजवळ नाही. त्या पेशींबरोबर विषाणूचा मोठा साठा निघून जातो हे खरे, पण जो उरतो त्याचा बंदोबस्त शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच करायचा असतो. बहुतेकींचे शरीर तो काही महिन्यांत करते, काहींचे करू शकत नाही, आणि कोण कोणत्या गटात आहे हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

त्यामुळे आजार परत दिसला तर त्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे पहिल्याच वेळी बदललेल्या पेशींचा एखादा अंश मागे राहिलेला असतो, विशेषतः नळीच्या आत, जिथे दुर्बीण पोहोचत नाही. दुसरे म्हणजे मागे राहिलेल्या किंवा नव्याने आलेल्या विषाणूमुळे निरोगी आवरणावर पुन्हा बदल सुरू होतात. हे समजावून सांगत असताना मावळातली एक शेतकरी बाई मला म्हणाली, "म्हणजे हराळीसारखंच की, खुरपून काढली तरी एक कांडी राहिली तर पुन्हा फुटते." पहिले कारण मला याहून नेमके सांगता आले नसते.

आता आकड्यांकडे वळते, कारण भीती आणि निष्काळजीपणा या दोन्हींवर उतारा म्हणून मला आकडेच उपयोगी पडतात. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार उपचारानंतर मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे बदल पुन्हा सापडण्याचे प्रमाण सरासरी ६.६ टक्के आहे. म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिक स्त्रियांचे काम एकाच उपचारात होते. कापून काढलेल्या तुकड्याच्या कडांपर्यंत बदललेल्या पेशी पोहोचल्या असतील, तर हा धोका जवळजवळ पाचपट होतो. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कडांविषयी काय लिहिले आहे ते प्रत्येकीने विचारून घ्यावे. तरीही केवळ कडांवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. त्याच आढाव्यात, ज्यांच्यात आजार पुन्हा सापडला त्यांच्यापैकी सुमारे ५६ टक्के स्त्रियांच्या बाबतीतच कडांच्या रिपोर्टने तशी सूचना दिलेली होती, तर उपचारानंतरच्या एचपीव्ही चाचणीने ९१ टक्के जणींना ओळखले होते. कडा स्वच्छ असलेल्या स्त्रियांमध्येही ३.७ टक्क्यांना पुन्हा बदल झाले. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्यांमध्ये हे प्रमाण ०.८ टक्के होते. "कडा स्वच्छ आहेत, आता काळजी नको" हे वाक्य आम्ही डॉक्टर फार सहज उच्चारतो, आणि पुढची तपासणी चुकण्याची सुरुवात अनेकदा तिथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चाचणी आपल्या भागाला नवी नाही. जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे एक लाख एकतीस हजार स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. तो अभ्यास पहिल्या तपासणीचा होता, उपचारानंतरच्या तपासणीचा नव्हे. पण मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत जे करता आले ते पुण्यात करता येत नाही असे कोणी म्हणू नये.

उपचारच केले नाहीत तर काय होते, हे वैद्यकशास्त्राला एका अत्यंत खेदजनक मार्गाने कळले आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत सीआयएन ३ असलेल्या अनेक स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता, आणि त्यांना त्याची कल्पनाही न देता, त्यांच्यावर नुसती नजर ठेवण्यात आली. १९८७-८८ मध्ये त्याची अधिकृत चौकशी झाली. पुढे २००८ मध्ये त्या नोंदींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात केवळ बायोप्सीवर थांबवलेल्या स्त्रियांपैकी ३१ टक्क्यांना तीस वर्षांत कर्करोग झाल्याचे दिसले. योग्य उपचार आणि नंतर योग्य देखरेख मिळालेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.७ टक्के होते. घाबरलेल्या बाईला मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवते. उपचार किती परिणामकारक आहे ते त्यातून कळते, आणि देखरेखीविना हा दुसरा आकडा मिळत नाही हेही कळते.

तपासणी कधी करायची याविषयी सर्व देशांचे नियम एकसारखे नाहीत. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचारानंतर सहा महिन्यांनी एचपीव्ही चाचणी, मग लागोपाठ तीन निगेटिव्ह येईपर्यंत दर वर्षी, आणि त्यानंतर किमान पंचवीस वर्षे दर तीन वर्षांनी असा क्रम आहे. जागतिक आरोग्य संघटना उपचारानंतर बारा महिन्यांनी तपासणी सुचवते, कारण तिला कमी साधने असलेल्या देशांचाही विचार करावा लागतो. जिला शक्य आहे तिला मी सहा महिन्यांनीच बोलावते, कारण पुन्हा सापडणारे बदल बहुतांशी पहिल्या दोन वर्षांतच सापडतात. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे लगेच पुन्हा शस्त्रक्रिया, असे मात्र नसते. दुर्बिणीतून पुन्हा पाहतात, गरज वाटल्यास नळीच्या आतून नमुना घेतात, आणि काही वेळा नुसते थांबून पाहणे हाच योग्य निर्णय असतो. लीप वारंवार आणि खोलवर केल्यास पुढच्या गरोदरपणात मूल वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो, त्यामुळे मूल हवे असलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत घाईने कापणे हेही नुकसानच आहे.

पंचवीस वर्षे हा शब्द ऐकून बायका दचकतात. स्वीडनने १९५८ ते २००२ या काळातल्या सीआयएन ३ असलेल्या आपल्या सर्व स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इतर स्त्रियांच्या तुलनेत त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले, आणि पंचवीस वर्षे उलटल्यावरही ते वाढलेलेच होते. प्रत्यक्ष आकडा लहानच आहे, पण तो वय वाढल्यावर कमी होत नाही. आपल्याकडे नेमके याच्या उलट समजतात. पाळी गेली की त्या भागाची तपासणीही संपली, असे कित्येक सुशिक्षित घरांत गृहीत धरले जाते, सासूबाईंच्या तोंडून सुनेपर्यंत पोहोचते आणि मग मोडता मोडत नाही. पाळी गेल्यावर तो बदलता पट्टा नळीच्या आत सरकतो, लीपनंतर नळीचे तोंड कधी कधी आकसतेही, आणि मग व्हिनेगरसारखे द्रव लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी भरवशाची राहत नाही. म्हणून पन्नाशीनंतर एचपीव्ही चाचणीचा आग्रह मी अधिकच धरते.

एक प्रश्न दार बंद झाल्यावर, हळू आवाजात येतो: "हे परत मिस्टरांकडून आलं का?" त्याचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेक वेळा ते सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नसते. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, पण तो कित्येक वर्षे काहीही न दाखवता शरीरात राहू शकतो, आणि आज पॉझिटिव्ह आलेली चाचणी कालच्या संबंधाकडे बोट दाखवत नाही. या चाचणीच्या कागदावरून घरात झालेली भांडणे मी पाहिली आहेत, आणि त्या भांडणांत दोष नेहमी बाईच्याच माथी येतो हेही पाहिले आहे. ज्या बाईला रिपोर्ट घरी दाखवण्याची भीती वाटते ती पुढच्या वेळी येत नाही. तिला हे पहिल्याच भेटीत, शक्य असल्यास नवऱ्यासमोर, स्पष्ट सांगणे हा उपचाराचाच भाग आहे असे मी मानते.

"मग पिशवीच काढून टाका ना, कायमची कटकट जाईल," असेही अनेक जणी सुचवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे काही वेळा डॉक्टरच सुचवतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये राज्यभर गाजले, तरी ही सवय मोडलेली नाही. सीआयएनसाठी गर्भपिशवी काढणे हा पहिला उपचार नव्हे. आत लपलेला कर्करोग आहे की नाही याची खातरजमा न करता साधी शस्त्रक्रिया केली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. शिवाय गर्भपिशवी काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला तेच बदल होऊ शकतात, त्यामुळे ज्या बाईची पिशवी सीआयएन २ किंवा ३ मुळे काढली आहे तिच्या तपासण्याही वर्षानुवर्षे चालूच ठेवाव्या लागतात. म्हणजे ज्या कटकटीपासून सुटण्यासाठी शस्त्रक्रिया केली, ती शिल्लक राहतेच.

ज्या स्त्रिया एचआयव्हीसह जगत आहेत त्यांच्यात आजार परतण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, आणि त्यांची तपासणीही अधिक वेळा व्हायला हवी. पुण्यातल्या प्रयास या संस्थेने अशा स्त्रियांच्या तपासणीवर मोलाचे काम केले आहे. धूम्रपानाने विषाणू टिकून राहायला मदत होते, म्हणून मी तंबाखू आणि मिश्रीविषयीही न चुकता विचारते. एचपीव्हीविरुद्धच्या लशीचा प्रश्न, आपल्या पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ मध्ये आल्यापासून, वाढला आहे. आधीच असलेला संसर्ग लशीने जात नाही. उपचाराच्या आसपास लस घेतल्याने आजार परतणे कमी होत असावे असे काही अभ्यास सुचवतात, म्हणून परवडत असेल तर मी नाही म्हणत नाही. मात्र लस घेतली म्हणून तपासणी सोडणे मला अजिबात मान्य नाही.

बायका का येत नाहीत, याचे कारण मी त्यांच्या हलगर्जीपणात शोधत नाही. भाड्याचे घर बदलते, फोन नंबर बदलतो, नवऱ्याची बदली नाशिकला होते, धुण्याभांड्याच्या कामावरून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली की पैसे कापले जातात, आणि त्रास काहीच नसताना त्या टेबलावर पुन्हा झोपायचे ही कल्पनाच नको वाटते. एचपीव्ही चाचणी साध्या पॅपपेक्षा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी पुसून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या तपासणीपेक्षा, महाग आहे, हेही खरेच. दवाखान्यातून फोन जायला हवा, तारीख लिहून द्यायला हवी, आणि ज्या दवाखान्यात हे होत नाही तिथे दोष बाईचा म्हणता येत नाही. तोवर निदान मूळ बायोप्सीचा रिपोर्ट, उपचाराची तारीख आणि त्यानंतरच्या प्रत्येक चाचणीचा कागद तिने स्वतःजवळ ठेवावा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा, आणि डॉक्टर बदलले तर पहिल्याच भेटीत "माझ्यावर सीआयएनचे उपचार झाले आहेत" हे न विचारताही सांगावे. कारण 'मागचे रिपोर्ट नॉर्मल' एवढेच कळले तर नवा डॉक्टर तिला सामान्य स्त्रीच्या वेळापत्रकावर टाकतो. आणि संबंधांनंतर रक्त गेले, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्तस्राव झाला, किंवा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तर मागची चाचणी निगेटिव्ह असली तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवायला यावे.