परार्धाच्या पुढे

रविवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाहीये. संध्याकाळी लेकीला घातांक शिकवता शिकवता ‘पॉवर्स ऑफ टेन’ लावली. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याची १९७७ सालची, जेमतेम नऊ मिनिटांची फिल्म. शिकागोत तळ्याकाठच्या बागेत एक जोडपं सहलीला आलंय, त्यातला माणूस चादरीवर झोपी गेलाय. वरून दिसणारी चौकट एक मीटर रुंद. मग दर दहा सेकंदांनी ती दसपट होत जाते.

लेक शून्यं मोजत होती आणि माझ्या तोंडी आजोबांचं ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ आलं. परवचा म्हणताना ते आमच्याकडून परार्धापर्यंत घोकून घ्यायचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अशी अठरा नावं आहेत, शेवटचं परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आज पहिल्यांदा ती नावं मला दिसली! अब्ज मीटरला चंद्राची कक्षा चौकटीत मावली, शंकूला, म्हणजे एकावर तेरा शून्यांना, सूर्यमाला. परार्धाला चौकट दहाएक प्रकाशवर्षं रुंद झाली आणि आपला सूर्य चारचौघांसारखा एक तारा झाला.

आजोबांची नावं तिथे संपली. फिल्म आणखी सात शून्यं पुढे गेली. शेवटी दीर्घिका धुळीच्या कणांसारख्या, बाकी काळोख. विश्व बहुतेक ठिकाणी असंच ओसाड आहे, आपल्याभोवतीची गजबज हाच अपवाद, असं निवेदक सांगतो. मी तिथेच थांबवून ते पुन्हा ऐकलं. आणि ती चौकट तरी केवढी? दहा कोटी प्रकाशवर्षं. पुण्यातल्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलाय. तो तिच्यात मावणारच नाही.

मग सगळं उलट. परत त्या माणसाच्या हातावर, कातडीतून आत, पांढऱ्या पेशीत, कार्बनच्या अणूत. केंद्रकाकडे जाताना पुन्हा तशीच पोकळी.

“आई, तो माणूस उठला का गं शेवटी?” लेकीने विचारलं. फिल्म प्रोटॉनपाशी संपते, तो उठलेला दिसतच नाही. मला मात्र तेव्हापासून तोच आठवतोय. त्याच्या दोन्ही बाजूंना एवढं रितेपण, आणि तो जेवून निवांत झोपलाय.

तिच्या वहीत अठराही नावं लिहून ठेवतेय. जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. खाली सात ओळी मोकळ्या सोडल्यात.