डेट्रॉईट: बेसवादक जेमर्सन वाजवायचा ती खोली

डेट्रॉईटला येऊन मोटारींचं संग्रहालय न पाहणारा मी पहिलाच पाहुणा, असं माझ्या यजमानांनी ऐकवलं. मला ओढ होती ती वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या २६४८ नंबरच्या घराची. पांढरं, दुमजली, दर्शनी भागावर निळी अक्षरं: ‘हिट्सव्हिल यू.एस.ए.’. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये ते घेतलं आणि आपल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ इथेच थाटला. आता ते मोटाऊनचं संग्रहालय आहे. दिवसाचे २२ तास स्टुडिओ चालायचा म्हणे.

गायकांचे फोटो आणि झगमगते पोशाख मी भराभर पाहिले. काही पायऱ्या उतरून स्टुडिओ ‘ए’त शिरलो आणि तिथून मात्र पाय निघेना. खोली लहानशी. वायरींच्या जंजाळामुळे वादक तिला ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचा खड्डा, म्हणत. गाइडबाईंनी आम्हाला रांगेत उभं करून मोटाऊनचं ‘माय गर्ल’ हे गाणं म्हणायला लावलं. शब्द सगळ्यांना पाठ! पण ते गाणं सुरू होतं नुसत्या बेसवर, म्हणजे खर्जातले सूर देणाऱ्या गिटारवर, आणि तो वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचं नाव आमच्या घोळक्यात किती जणांना ठाऊक होतं, देव जाणे.

जन्म १९३६ चा, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. १९५४ मध्ये तो आईबरोबर डेट्रॉईटला आला आणि याच रस्त्यावरच्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये उभा बेस (व्हायोलिनच्या घाटाचं, माणसाएवढं उंच वाद्य) शिकला. पुढे फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक बेस गिटार घेतली, तरी हात उभ्या बेसचाच राहिला. उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. वादक त्या बोटाला ‘हूक’ म्हणत. जाड, सपाट गुंडाळीच्या तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, तारा जिच्यावर टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज. त्यामुळे सूर लांबत नाही, गोल आणि मऊ उमटतो. मोटाऊनचंच ‘बर्नाडेट’ हे गाणं एकदा हेडफोन लावून ऐका. गायक जीव तोडून गातोय आणि खाली हा माणूस स्वतःचंच वेगळं गाणं रचतोय. मला विचाराल तर तेच जास्त चांगलं आहे.

एवढं करून रेकॉर्डच्या वेष्टणावर नाव नाही. ते आलं १९७१ मध्ये, गायक मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर. त्यातला बेस जेमर्सनने दारूच्या अंमलात जमिनीवर उताणा पडून वाजवला, असा किस्सा आहे. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. मागोमाग तोही गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, दारूही सुटली नाही. १९८३ मध्ये मोटाऊनच्या पंचविशीचा सोहळा झाला. तिकीट काढून तो प्रेक्षकांत बसला होता, असं सांगतात. त्याच वर्षी २ ऑगस्टला गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतातल्या मानाच्या संस्थेने त्याची दखल घेतली २००० मध्ये. एवढा उशीर का, याचा मला अजून राग येतो.

त्याची कबर डेट्रॉईटलाच आहे, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या वुडलॉन दफनभूमीत. गायिका अरेथा फ्रँकलिनचीही तिथेच. जागा अफाट आहे, तेव्हा फाटकाजवळच्या कचेरीत आधी विचारून घ्या. आणि मोटाऊन संग्रहालयाचं तिकीट घरूनच काढून निघा.