घळीतील पाणी आणि आधी ठरवलेल्या मर्यादा : कॅन्यनिंगच्या एका सहलीचा वृत्तांत

डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या अरुंद घळीतून कधी दोरावरून, कधी डोहात उडी घेऊन, कधी पोहत, तर कधी गुळगुळीत कातळावरून घसरत खाली उतरण्याच्या प्रकाराला कॅन्यनिंग म्हणतात. एका व्यावसायिक संस्थेच्या मार्गदर्शकांबरोबर आम्ही काही मित्रमंडळी नुकतीच अशी एक घळ उतरून आलो. घळीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते कोणत्याही घळीला लागू पडते. तिथले धबधबे आणि हिरवे डोह जाणाऱ्याला आपोआप दिसतील. सहल सुरक्षित व्हावी म्हणून आधीच घेतलेले निर्णय मात्र सहभागी व्यक्तीला सहसा दिसत नाहीत, आणि पैसे भरण्यापूर्वी तिने नेमके तेच पाहिले पाहिजेत, असे मला वाटते.

संस्था निवडताना आम्ही तीन-चार संस्थांना लेखी प्रश्न पाठवले होते. मार्गदर्शकांचे प्रशिक्षण कोणते, ते कधी नूतनीकृत झाले, एका मार्गदर्शकामागे किती माणसे असतील, सर्वांत जवळची मदत किती वेळात पोहोचू शकते, हे नेहमीचे प्रश्न त्यात होतेच. सर्वाधिक उपयोग झाला तो एकाच प्रश्नाचा : तुम्ही शेवटची सहल कधी आणि कशामुळे रद्द केली? एका ठिकाणाहून ‘आमच्याकडे सहली रद्द होत नाहीत’ असे अभिमानाने कळवण्यात आले, आणि तो पर्याय आम्ही तिथेच सोडला. ज्या संस्थेबरोबर गेलो तिने अलीकडच्या रद्द केलेल्या सहलींची कारणे सांगितली. पैसे घेण्यापूर्वीच तिने एक माहितीपत्रक पाठवले. त्यात धोके कोणते, शारीरिक क्षमता किती हवी, पोहता येणे कितपत आवश्यक आहे आणि मध्येच माघार घ्यायची झाल्यास घळीतून बाहेर पडण्याच्या जागा कोणत्या, हे स्पष्ट लिहिलेले होते. साहसी पर्यटनात सहभागी व्यक्तीला कोणती माहिती द्यावी, याविषयी आयएसओ २११०३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीचे आयएसओ २११०१ हे मानक सुरक्षा-व्यवस्थापनाविषयी आहे. मात्र अशा मानकाच्या प्रमाणपत्रावरून संस्थेकडे एक पद्धत आहे एवढेच कळते. त्या दिवशी आपल्यासोबत येणारा मार्गदर्शक ती पद्धत पाळतो की नाही, हे आपल्याला त्याच्या वागण्यातूनच पाहावे लागते.

या बाबतीत मी इतका आग्रही का आहे, ते सांगणे आवश्यक आहे. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत वादळी पावसाने अचानक लोंढा आला आणि १८ पर्यटक व ३ मार्गदर्शक अशी २१ माणसे मृत्युमुखी पडली. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडमधील मांगाटेपोपो घळीत जोरदार पावसानंतर ओढा झपाट्याने चढला आणि सहा विद्यार्थी व त्यांचे एक शिक्षक बुडाले. दोन्ही ठिकाणी मृत्यू ज्या पाण्याने ओढवला ते प्रत्यक्ष त्या जागी पडलेले पाणी नव्हते, तर वरच्या पाणलोट क्षेत्रातून वाहत आलेले होते. पुढे न्यूझीलंडने २०११ मध्ये साहसी उपक्रमांसाठी नियम करून नोंदणी आणि सुरक्षा-तपासणी सक्तीची केली. स्वित्झर्लंडमध्ये गिर्यारोहण-मार्गदर्शक आणि जोखमीचे उपक्रम चालवणाऱ्या संस्थांसाठीचा संघराज्याचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या क्षेत्रातील कित्येक नियमांच्या मागे अशी जिवंत माणसे होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे घळीच्या तोंडाशी उभे राहून ‘एवढी काटेकोर तपासणी कशाला?’ असे विचारावेसे वाटत नाही.

आमचा उतरण्याचा मूळ दिवस रद्द झाला. सकाळी आकाश निरभ्र होते आणि घळीच्या तोंडाशी पाणी स्वच्छ दिसत होते, त्यामुळे आमच्यातील काही जणांना हा निर्णय पटला नाही. प्रमुख मार्गदर्शकाने वाद न घालता एक छापील तक्ता समोर ठेवला. ओढ्याकाठच्या खडकावर रंगवलेल्या मोजपट्टीवर पाणी कोणत्या खुणेपर्यंत असेल तर उतरायचे, वरच्या खोऱ्यात किती पाऊस नोंदला गेला किंवा अपेक्षित असला तर उतरायचे नाही, आणि विजांच्या गडगडाटाचा इशारा असेल तर काय करायचे, हे त्यात आधीच ठरवलेले होते. मोजपट्टीवरचे पाणी मर्यादेत होते, परंतु वरच्या खोऱ्यात रात्री पाऊस झाला होता आणि दुपारसाठी वादळाचा इशारा होता. तक्त्यातील एक जरी अट मोडली तरी सहल होत नाही, आणि ही अट शिथिल करण्याचा अधिकार त्या दिवशीच्या मार्गदर्शकाला नाही, हे त्याने शांतपणे सांगितले. मला ही व्यवस्था फार महत्त्वाची वाटते. उत्साही गटासमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसावर ‘नाही’ म्हणण्याचे ओझे टाकण्याऐवजी ते ओझे संस्थेने आधीच उचललेले असते.

याला एक आर्थिक बाजूही आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हवामानामुळे सहल रद्द झाल्यास दुसरी तारीख किंवा पूर्ण परतावा मिळेल, असे या संस्थेच्या अटींमध्ये होते, आणि रद्द झालेल्या दिवसाचे मानधन मार्गदर्शकांना मिळते, हेही आम्ही विचारून घेतले. जिथे सहल न झाल्यास मार्गदर्शकाचा दिवस बुडतो, तिथे त्याच्या निर्णयावर कळत-नकळत दडपण येणारच. पुढे जाणाऱ्यांनी हा प्रश्न संकोच न करता विचारावा. आपणही परतीच्या प्रवासाचे आरक्षण इतके घट्ट करू नये की एक राखीव दिवससुद्धा उरणार नाही.

त्या मोकळ्या दिवशी आम्हाला कोरड्या कड्यावर दोराचा सराव देण्यात आला. ज्यांनी पूर्वी डोंगरात रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) केले आहे त्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कोरड्या कड्यावरच्या काही चांगल्या सवयी धबधब्यात घातक ठरतात. कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारणे आणि डिसेंडरसोबत (दोरावरून उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनासोबत) प्रुसिकसारखी आपोआप अडकणारी गाठ ठेवणे, ही शहाणपणाची पद्धत आहे. धबधब्याखाली मात्र ती प्रुसिक अडकली तर माणूस कोसळत्या पाण्यात लटकून राहतो आणि त्याला श्वास घेता येत नाही. खाली डोह असेल तर दोराची लांबी पाण्यापर्यंतच ठेवतात आणि टोकाला गाठ मारत नाहीत, म्हणजे उतरणारा दोरातून सरळ सुटून पोहत बाहेर येऊ शकतो. त्याहून महत्त्वाची बाब अँकरपाशी, म्हणजे दोर कातळाला जिथे बांधतात तिथे, असते. तिथे दोर अशा रीतीने बांधतात की तो ताणाखाली असतानाही मार्गदर्शकाला वरून सोडता येतो. उतरणाऱ्याचे केस, कपडा किंवा पट्टा डिसेंडरमध्ये अडकला, तर वरचा मार्गदर्शक दोर सोडून त्याला सावकाश खाली उतरवतो. आमच्यासमोर हे प्रात्यक्षिक अनेकदा करून दाखवले गेले. आपल्या मार्गदर्शकाला ‘मी मध्येच अडकलो तर तुम्ही मला खाली कसे घ्याल?’ असे जरूर विचारावे आणि शक्य असल्यास ते करून दाखवायला सांगावे.

साहित्याची तपासणी आम्हीही केली आणि मार्गदर्शकांनी तिचे स्वागत केले. कॅराबिनरवर (दोर आणि पट्टे जोडण्याच्या धातूच्या कडीवर) त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये (बल मोजण्याच्या एककात) कोरलेली असते. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर, त्याचे फाटक बंद असताना, लांबीच्या दिशेने किमान २० हा आकडा दिसला पाहिजे. रॅपलिंगसाठी वजनाखाली कमी ताणला जाणारा, ईएन १८९१ या युरोपीय मानकाचा दोर योग्य असतो. आघाडीवर चढणाऱ्याला झेलण्यासाठीचा ताणणारा दोर ईएन ८९२ या वेगळ्या मानकाचा असतो, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेणे बरोबर नाही. हार्नेस (अंगावर बांधायचा पट्टा), स्लिंग (कापडी पट्टीचा फास) आणि दोर यांवरचा निर्मितीचा काळ वाचावा, कारण बहुतेक उत्पादक न वापरलेले कापडी साहित्यदेखील दहा वर्षांनंतर बाद करण्यास सांगतात. प्रत्येक दोराची वापर-नोंदवही संस्थेकडे असणे हे मला तर कोणत्याही चकचकीत जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह लक्षण वाटते.

प्रत्यक्ष उतरण्याच्या दिवशी पहिला अर्धा तास पाण्यातील हालचाल शिकण्यात गेला. प्रवाहात पडल्यास पाठीवर राहून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि बोटे पाण्याच्या वर ठेवायची, आणि वेगवान पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न मुळीच करायचा नाही. पाऊल दगडांच्या फटीत अडकले की पाण्याचा जोर शरीराला पुढे ढकलतो आणि गुडघाभर पाण्यातही माणूस बुडू शकतो. पाण्यात अडकलेल्या ओंडक्यांपासून दूर राहण्याचीही ताकीद होती, कारण त्यांच्यामधून पाणी निघून जाते आणि माणूस अडकून पडतो. धबधब्याच्या आवाजात बोललेले ऐकू येत नाही, म्हणून शिट्टी आणि हातांच्या खुणा ठरल्या होत्या. त्या खुणा प्रत्येकाकडून करवून घेतल्याशिवाय मार्गदर्शक पुढे सरकला नाही.

पहिले दोन उतार सोपे होते. तिसऱ्या टप्प्यावर डोहात उडी घ्यायची होती, परंतु तिच्याआधी एक मार्गदर्शक दोरावरून खाली गेला आणि त्याने डोहाचा तळ पुन्हा तपासला. आदल्या आठवड्यातही तिथे उड्या झाल्या होत्या, मग तपासणीची गरज काय, असे एकाने विचारले. पाणी वाढले की तळाशी दगड सरकतात आणि लाकडे येऊन बसतात, त्यामुळे कालची खोली आज गृहीत धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. आमच्यातील एका मैत्रिणीला उडी घ्यायची नव्हती. तिला कोणी आग्रह केला नाही, टाळ्या वाजवून चढवले नाही, की समजावत बसले नाही. बाजूला दोर आधीच लावलेला होता आणि ती त्यावरून उतरली. ज्या सहलीत प्रत्येक उडीला असा पर्याय तयार नसतो, तिथे ‘ऐच्छिक’ या शब्दाला अर्थ राहत नाही.

घळीत असताना मार्गदर्शकाचे लक्ष सतत पाण्याच्या रंगाकडे होते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागणे, पाने आणि काटक्या अचानक वाहत येणे, ओढ्याचा आवाज बदलणे, ही पाणी वाढत असल्याची चिन्हे आहेत. त्यांपैकी एक जरी दिसले तरी ताबडतोब जवळच्या बाहेर पडण्याच्या जागेकडे वळायचे, हे ठरलेले होते. अशी प्रत्येक जागा आली की तो थांबून ती आम्हाला दाखवत असे. हेही आवर्जून पाहावे, कारण मार्गदर्शकच जखमी झाला तर ही माहिती गटातील इतरांना असणे आवश्यक आहे. आमच्याबरोबर दोन प्रशिक्षित माणसे होती आणि त्यांनी दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले होते. अशा प्राथमिक अभ्यासक्रमाला सुमारे १६ तास लागतात, तर नेतृत्व करणाऱ्यांसाठीचा सखोल अभ्यासक्रम साधारण ७० ते ८० तासांचा असतो, म्हणून नुसते ‘प्रथमोपचार येतो’ या उत्तरावर समाधान मानू नये.

सर्वांत जास्त त्रास थंडीचा झाला. वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा पोशाख) असूनही सावलीत आपली पाळी येण्याची वाट पाहताना दात वाजू लागतात आणि बोटे बधिर झाली की कॅराबिनरचे कुलूप नीट लावता येत नाही. गट मोठा असेल तर प्रत्येक दोरापाशी वाट पाहणे वाढते, आणि म्हणून गटाचा आकार हा सोयीपेक्षा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. वेटसूट अंगाला घट्ट बसणारा मागून घ्यावा, सुती कपडे आत घालू नयेत आणि बूट तळाला चांगली पकड असलेलेच असावेत. कोणी सहकारी गप्प झाला, अडखळू लागला किंवा साध्या सूचनेला उशिरा प्रतिसाद देऊ लागला, तर ‘दमला असेल’ असे म्हणून सोडून न देता मार्गदर्शकाला लगेच सांगावे. घळीबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीला आपला मार्ग आणि परतण्याची वेळ कळवलेली असावी, आणि त्या वेळेनंतर किती उशीर झाला की तिने मदत बोलवायची, तेही ठरलेले असावे.

सहल संपल्यावर मार्गदर्शकांनी आम्हाला एकत्र बसवून काय खटकले ते विचारले. याला मी औपचारिकता मानत नाही. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम उपसागरात कयाकवर गेलेल्या चार शाळकरी मुलांचा मृत्यू झाला, तेव्हा ती सहल चालवणाऱ्या केंद्राला तिथल्याच माजी प्रशिक्षकांनी सुरक्षेतील उणिवांविषयी आधीच पत्राने सावध केले होते, हे पुढे उघड झाले. त्या प्रकरणात कंपनी आणि तिचे व्यवस्थापकीय संचालक सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांसाठी परवाना-पद्धतीचा कायदा झाला. आमच्या सहलीत शेवटच्या उतारावर दोर घासून मुठीएवढा एक दगड सुटला होता. तो कोणालाही लागला नाही, तरीही आम्ही ते सांगितले. मार्गदर्शकाने जागा, वेळ आणि दोराची दिशा नोंदवहीत लिहून घेतली आणि खाली थांबणाऱ्यांची जागा यापुढे डाव्या कपारीखाली असेल असे त्याच नोंदीत लिहिले. काही दिवसांनी संस्थेकडून आलेल्या पत्रात तो सैल भाग काढून टाकल्याचे आणि तिथला अँकर दोन हात बाजूला घेतल्याचे कळवले होते. अशी दुरुस्ती झालेल्या उतारावर जाणाऱ्यांनी कातळात बसवलेल्या जुन्या बोल्टऐवजी नव्या अँकरचाच वापर होत आहे ना, याची खात्री करून घ्यावी.